नव्यासारखी भांडी

माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये एक भिंत आहे. तिला तो 'हेरिटेज वॉल' म्हणतो. वर्धा रोडवरच्या उंच इमारतीत नववा मजला, हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर काचेचं कपाट, आत पिवळे दिवे, आणि त्या दिव्यांखाली ओळीनं मांडलेली आमच्या मायची पितळी भांडी. दहा जुनी आणि एक नवं. नव्याचं शेवटी सांगते. पाहुणे आले की भाऊ आधी ते दिवे लावतो आणि मग पाणी विचारतो. आम्ही आमच्या घराच्या आठवणी पुढच्या पिढीसाठी जपून ठेवल्या आहेत, असं तो सांगतो. पाहुणे मान डोलावतात, मोबाइल काढतात, फोटो घेतात. तेवढा वेळ मी दात आवळून उभी असते, कारण परक्यांसमोर सख्ख्या भावाचे वाभाडे आपल्या तोंडानं काढू नयेत एवढं मला कळतं. कागदावर मात्र मला कुणी गप्प बसवू शकत नाही.

जपल्या म्हणे. या माणसानं आमच्या घरातली एकूण एक आठवण घासून काढली, आणि तीही जपायच्या नावाखाली. चोरानं भांडी नेली असती तर मी एवढी चिडले नसते. चोर निदान आमंत्रणपत्रिका छापून कार्यक्रम करत नाही.

भांड्यावर नाव घालायची पद्धत सगळीकडेच आहे. आमच्या गिरणीकामगारांच्या वस्तीत तर तिच्यावाचून चालायचंच नाही. कुणाकडे लग्न निघालं की घराघरातून भांडी गोळा व्हायची, आणि पंगती आटोपल्यावर कुणाचं कुठलं हे नावावरून ओळखून परत जायचं. लोक भांड्यावर घरधन्याचं नाव घालतात, देणाऱ्याचं नाव घालतात, फार तर 'सप्रेम भेट' असं लिहितात. आमच्या भांड्यांवर नावं नव्हती. आमच्या भांड्यांवर घरात काय घडलं ते लिहिलेलं होतं.

ही सुरुवात माझ्या बापाच्या आईनं केली. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात ती इतवारीच्या बाजारात गेली आणि तिनं पितळेचा एक गडवा विकत घेतला. गडवा म्हणजे तांब्या. तोवर दुकानात गेलं की दुकानदार वस्तू खाली ठेवायचा आणि आमच्या माणसांनी ती उचलायची, अशी रीत होती. त्या दिवशी दुकानदारानं गडवा सरळ तिच्या हातात दिला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. गर्दीत त्याच्या लक्षात राहिलं नसेल, किंवा लक्षात असूनच दिला असेल. आजी तिथून चार दुकानं पुढे नाव घालणाऱ्याकडे गेली आणि गडव्याच्या गळ्याभोवती तिनं लिहून घेतलं, 'दुकानदारानं हातात दिला'. नाव घालणारा म्हणाला, बाई, असं कुणी लिहितं का? आजीचं उत्तर आमच्या घरात म्हणीसारखं राहून गेलं, "झालं तेच लिवतात."

मी आजीला पाहिलं नाही. हे सगळं मायच्या तोंडून ऐकलेलं आहे. सासू गेल्यावर हे काम मायनं अंगावर घेतलं. घरात काही घडलं की ती इतवारीत जायची, एक भांडं आणायची आणि त्यावर लिहून घ्यायची. वस्तीतल्या आमच्या घरात नळ आला, तेव्हा पाण्याचा मोठा गुंड, म्हणजे हंडा, आला आणि त्याच्या खांद्यावर 'नळ आला' एवढंच. मी शिक्षिका झाले तेव्हा पिठाचा डबा आला, 'पोरगी मास्तरीण झाली'. भाऊ इंजिनिअर झाला तेव्हा मोठा गंज आला, 'पोरगा इंजिनेर झाला'. गंज म्हणजे भाजी-वरणाचं भांडं, आणि तो मुद्दाम मोठा घेतला होता, कारण हा जेवायला बसला की पातेल्याचा तळ दिसायचा. गळ्याभोवती बसेल तेवढंच लिहिता यायचं, त्यामुळे कुणाचं कौतुक करायला जागा उरायची नाही.

वाईट घडलं तरी माय भांडं आणायची. लोक हसायचे तिला. बापाची गिरणी बंद पडली त्या महिन्यात नवं भांडं घेणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मोडीतून एक जुनी परात आणली. तिच्यावर आधीच कुणातरी परक्या घराचं नाव होतं. जुनं भांडं विकताना लोक आधीचं नाव घासून काढायला सांगतात, दुसऱ्याच्या नावात कुणाला खायचं नसतं. दुकानदार ते घासून द्यायला तयार होता. माय म्हणाली, "राहू द्या. त्यायचंही काही झालं असंन म्हणून इकली." आणि त्या परक्या नावाच्या खाली तिनं लिहून घेतलं, 'गिरणी बंद'. माझी माय शाळेत एक दिवस गेलेली नाही, आणि हे तिला कळत होतं. माझा भाऊ पाच वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात होता.

माय वाचू शकायची नाही, पण तिची भांडी तिला वाचता यायची. तिनं पस्तीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूच्या पानाची शीर कुठे जाड आहे, कुठे बारीक, हे न बघता तिच्या बोटांना समजायचं. त्या काळी नाव छिन्नीनं घालायचे, ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि ते ठिपके हाताला लागायचे. उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा ती सगळी भांडी अंगणात काढायची. चिंच आणि राख घेऊन आम्ही दोघं भावंडं घासायला बसायचो. ती एकेक भांडं हातात घ्यायची, अक्षरांवरून अंगठा फिरवायची, आणि त्या भांड्याची गोष्ट सांगायची. नळ आला त्या दिवशी कोण कोण पाण्याला आलं, कोणाचं भांडण झालं, कोण रडलं. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो गोष्ट अर्धी ऐकून गोट्या खेळायला पळायचा. तरी ऐकली तर होती ना त्यानं.

एक भांडं मात्र अंगणात कधी येत नसे. पितळेचं लहानसं फुलपात्र. ते मायच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत असायचं. ते मोठीचं. मोठी म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्या जन्माआधीच तापानं गेली, अडीच वर्षांची होऊन. घरात तिला सगळे 'मोठी' म्हणत, आणि तेही क्वचित. फुलपात्रावर तिचं नाव होतं आणि खाली 'हिचं नाव ठेवलं'. भांड्यावर घरच्या माणसाचं नाव घातलेलं आमच्याकडे तेवढं एकच. ती गेली तेव्हा मायनं दुसरं भांडं आणलं नाही. झालं तेच लिहायचं, हा नियम तिनं त्या एकदाच मोडला.

मोठीचा जन्म घरातला, मरणही घरातलं. तिचा फोटो नाही, दाखला नाही, कुठल्या वहीत नोंद नाही. ती होऊन गेली याचा या जगात एकच पुरावा होता, आणि तो मायच्या पेटीत होता.

आता त्या भिंतीकडे येते. मायला ऐंशी वर्षं होणार होती. भाऊ आमच्या जुन्या घरी आला. मी लग्न केलं नाही, मी आणि माय तिथेच राहतो. कूलरसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, आईच्या आठवणी अशा पेटीत नि फळीवर पडून राहिल्या तर आपल्यानंतर कुणाला कळणार? मी एक वॉल करतोय." जन्मभर आम्ही तिला माय म्हणत आलो. फ्लॅट घेतल्यापासून तो आई म्हणतो. मला ते खटकलं, पण बाकीचं बोलणं आवडलं. खरं सांगायचं तर मला भरून आलं. वाटलं, शेवटी अक्कल आली याला.

भांडी मी माझ्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळली. हे सांगायला नको वाटतं, पण झालं तेच लिहायचं आहे. फुलपात्र द्यायला माय तयार नव्हती. पेटी उघडून, लुगड्याची घडी मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली. भाऊ म्हणाला, "आई, काचेत एकदम सेफ राहील." आणि मीही म्हणाले, "दे ना वं माय, पेटीत कोन पाहते?" तिनं ते दिलं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. भिंत करणाऱ्या डिझायनर बाईनं भांडी पाहून सांगितलं की दिव्यांखाली ही मळकट दिसतील, पॉलिश करून घ्या. भावानं ड्रायव्हरबरोबर ती इतवारीत पाठवली आणि फोनवर दुकानदाराला सांगितलं, एकदम नव्यासारखी करा. बस, एवढंच. पाच वर्षांचं शिक्षण, तीस वर्षांची नोकरी, आणि आईच्या आयुष्यावर बोललेलं एक वाक्य: नव्यासारखी करा.

वाढदिवसाला मे महिन्याचं ऊन होतं, पण त्या फ्लॅटमध्ये अंगावर काटा येईल इतका एसी. केक होता, संत्रा बर्फी होती, मायच्या जुन्या फोटोंचा एक व्हिडिओ होता, त्याला मागून बासरी लावलेली. मग भावानं सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि दिवे लावले. भांडी अशी चमकली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लांबून मला काही कळलं नाही, माझा चष्मा पर्समध्ये होता.

माय पुढे गेली. काच बाजूला होती. तिनं गडवा उचलला आणि गळ्यावरून अंगठा फिरवला. मग गडवा फिरवून पुन्हा एकदा.

"हा आपला नोहे," ती म्हणाली.

"आई, आपलाच आहे. पॉलिश केलाय फक्त," भाऊ म्हणाला.

"नोहे म्हनते ना मी. कोनाचा उचलून आनला गा?"

कुणीतरी हसलं. भाऊ शेजारच्या पाहुण्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हल्ली तिच्या लक्षात राहत नाही. वय झालं." तो हळू बोलला, पण मी ऐकलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खोलीत जिच्या सगळं लक्षात होतं अशी एकटी तीच होती. मी पर्समधून चष्मा काढून लावला, गडवा तिच्या हातातून घेतला. गळा गुळगुळीत. पाहिलं तर माझाच चेहरा दिसत होता. गुंड पाहिला, डबा पाहिला, परात उलटी करून पाहिली. परातीवरचं परक्या घराचं नावही गेलं होतं. 'पोरगा इंजिनेर झाला' हे सुद्धा त्यानं पुसलं होतं. स्वतःचं सुद्धा.

"अक्षरं कुठं गेली?" मी विचारलं.

"कोणती अक्षरं?"

मी कपाटातल्या गंजाकडे बोट केलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उमटलं की कोणती. त्यानं गंज हातात घेतला आणि फिरवून पाहिला. त्याच्या कपाळाला घाम आला, त्या एसीत. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली.

"ताई, लोक आहेत," तो म्हणाला. "आपण खाली पितळेच्या पट्ट्या लावू. प्रत्येक भांड्याची माहिती. तू लिहून दे."

या सगळ्यात मायनं फुलपात्र मागितलं. ते तिनं एकदाच चाचपलं. सोफ्यावर जाऊन बसली, फुलपात्र पदराखाली घेतलं, आणि केक कापायला उठली नाही. लोक जेवून गेले. मी तिला ऑटोत घालून घरी आणलं. फुलपात्र तिनं हातातून सोडलं नाही, आणि ते परत मागायची भावाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतवारीत गेले. भांडायलाच गेले होते. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत ते पॉलिशचं दुकान शोधलं. दुकानात पन्नाशीचा माणूस, नाकाला रुमाल बांधून मशीनवर समई धरून बसलेला. मी त्याला मशीन बंद करायला लावली आणि जे तोंडात आलं ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रुमाल खाली ओढला.

"मॅडम, मी विचारलं होतं ना. फोन करून विचारलं. नाव ठेवायचं का काढायचं? आमच्याकडे रोजचं आहे, लोक जुनं नाव काढून मागतात. साहेब बोलले, एकदम नया जैसा करून द्या. मी तरी किती बार विचारू?"

त्यानं विचारलं होतं. इतवारीतल्या एका अनोळखी माणसाला विचारावंसं वाटलं. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "अक्षर गेलं तर पुन्हा घालता येते. माझे वडील हातानं नाव घालत होते, मलाही येते. काय होतं ते सांगा, मी जसंच्या तसं घालून देतो."

मी पर्समधून त्याच वाढदिवसाची पत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर लिहायला लागले. 'दुकानदारानं हातात दिला.' 'नळ आला.' 'गिरणी बंद.' भराभर लिहिलं. सातव्याला जरा थांबले, मग आठवलं. दहा झाली. अकरावं फुलपात्र. मी पेन टेकवलं आणि माझा हात थांबला.

मला नाव आठवेना.

आठवेना हेही खोटं आहे. मला ते कधी नीट माहीतच नव्हतं. तिसरीत असताना, नुकतं जोडाक्षर वाचायला यायला लागलं होतं तेव्हा, मी एकदा पेटी उघडून ते वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं. मायनं माझ्या हातातून फुलपात्र काढून घेतलं आणि पेटी बंद केली. पुन्हा मी ते हातात घेतलं नाही. तीन अक्षरी होतं एवढं डोक्यात राहिलं. बाकी मनात एक भरवसा होता की ते आहे, पेटीत आहे, लागलं की बघू. मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. दर वर्षी सातवीच्या मुलांना निबंध घातला, 'आमच्या घरातील जुनी वस्तू'. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लिहून आणा, नाहीतर ते सगळं त्यांच्याबरोबर जाईल, असं सांगायचे मी वर्गात, खडू आपटून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. 'लिहून दे' असं भाऊ म्हणाला तेव्हा मी त्याला खाऊ की गिळू करत होते, आणि आता कुणी लिहून मागत होतं तर माझ्याकडे शब्द नव्हता.

घरी आले. माय ओट्यावर बसून तूर निवडत होती. फुलपात्र शेजारी. मी तिच्यासमोर बसले. तिला भावाविरुद्ध चार गोष्टी सांगाव्यात आणि मग सहज विचारावं असा बेत होता. तो काही जमला नाही.

"माय, मोठीचं नाव काय होतं?"

तिचे हात थांबले. "तुले नाही मालूम?"

"नाही."

"साठ वर्सं माह्या घरात राहून तुले तुह्या बहिनीचं नाव नाही मालूम?"

"तू कधी घेतलंच नाही, माय."

"मी कशी घेऊ?" ती म्हणाली. आणि मग माझी माय चिडली. मी तिला इतकी चिडलेली गिरणी बंद पडली तेव्हाही पाहिली नव्हती. भाऊ तर तिथे नव्हताच. ती माझ्यावर चिडली. "मले तोंडानं घेता येत नव्हतं म्हनून तं पितळेवर घालून ठेवलं. मले वाचता येत नव्हतं. तुले येत होतं ना वं? मास्तरीण झाली तू. दुसऱ्याच्या पोट्ट्यायले लिवाले लावत होती. आपल्या घरचं एक पान काहून नाही लिवलं?"

"मले वाटलं, भांडे आहेतच घरात."

"त्यालेही तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि तूर पुन्हा निवडायला लागली.

मला रडू आलं नाही. मला राग आला, तिचाच. की तू साठ वर्षं गप्प राहायचं आणि दोष माझा? मी तसं बोललेही. तीन दिवस आमच्या घरात 'जेव' आणि 'दार लाव' एवढेच शब्द झाले. भावाचे फोन येत होते. ताई, मजकूर लिहून झाला का? पट्ट्यांचा माणूस थांबलाय. मी फोन कापत होते.

चौथ्या दिवशी सकाळी माय लुगडं बदलून, चप्पल घालून दारात उभी राहिली. फुलपात्र पिशवीत.

"मले इतवारीले ने," ती म्हणाली.

मी पत्रिकेवरची यादी बरोबर घेतली. ऑटोत तिला ती वाचून दाखवली, सगळी दहा वाक्यं पुन्हा घालून घेऊ म्हटलं, भावाकडून भांडी मी आणते. तिनं मान हलवली. "ते राहू दे. तवाचं तवा लिवलं होतं. आता लिवलं का ते नक्कल होते. तू तुह्या वहीत लिव." मी खूप सांगून पाहिलं. तिनं ऑटोवाल्याला भांड्यांची गल्ली दाखवली.

पॉलिशवाल्यानं तिला हात धरून आत बसवलं. आधी त्यानं नाव घालायची विजेची मशीन काढली, ती झटपट होते म्हणाला. माय त्याच्या कानाजवळ वाकली आणि तिनं नाव सांगितलं. मी शेजारीच उभी होते. मायच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. तीन अक्षरी होतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण तिनं ते मला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं.

मशीननं दोन मिनिटांत अक्षरं उमटली, सुंदर, वळणदार. मायनं अंगठा फिरवला. "लागत नाही," ती म्हणाली. त्यानं पुन्हा केलं. "लागत नाही बाबू." मग तो उठला, आतून एक डबा घेऊन आला, आणि त्यातून छिन्नी आणि छोटी हातोडी काढली, वडिलांची असावी. एकेक ठिपका. फुलपात्राचा पत्रा पातळ, तो फार जपून मारत होता. नाव झालं, 'हिचं नाव ठेवलं' झालं. मायनं पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, आणि फुलपात्र पिशवीत न ठेवता कमरेला खोचलं.

"बस आजी? एवढंच?" त्यानं विचारलं.

"नाही. एक गडवा दाखव. नवा."

शेजारच्या दुकानातून त्यानं तीन-चार गडवे मागवले. मायनं एक निवडला, जड असा. मला वाटलं, मोठी गेली हे तिला आता लिहायचं असेल. इतक्या वर्षांनी का होईना. काय लिहू, असं त्यानं विचारलं.

"लिव," माय म्हणाली. "पोरानं पुसलं. पोरीनं लिवून ठेवलं नव्हतं."

त्याची हातोडी तशीच हातात राहिली. तो माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, असंच घालू?"

"माय," मी म्हणाले, "हे काहून? लोक वाचतीन."

"वाचाले पाहिजे. घरात झालं ना हे? झालं तेच लिवतात."

मी त्याला मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय करणार होते? गळा मोठा होता, दोन्ही वाक्यं बसली. माझ्या वाक्याला थोडी दाटी झाली एवढंच.

तो गडवा घेऊन आम्ही तिथूनच भावाकडे गेलो. त्यानं वाचला. कानापर्यंत लाल झाला. "आई, हे मी काचेत कसं ठेवू?" तो म्हणाला. "जसे बाकीचे ठेवले तसा ठेव," माय म्हणाली, आणि तिनं चहा मागितला. पितळेच्या पट्ट्यांचा विषय त्यानंतर त्यानं काढला नाही. त्या दहा भांड्यांचं मी वहीत लिहिलं आहे, आता हेही लिहिलं. फुलपात्र मायच्या पेटीत परत गेलं आहे.

गडवा भिंतीत आहे. भाऊ अक्षरं मागच्या बाजूला करून ठेवतो. मी गेले की काच सरकवून ती पुढे करते, दिवे लावते, आणि पाहुणे असतील तर त्यांना जवळ बोलावते. ते पहिलं वाक्य वाचून भावाकडे बघतात आणि दुसरं वाचून माझ्याकडे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत मी तिथेच उभी असते.